दुष्काळानंतरचा

शनिवार, रात्र

मी मान हलवली. झालं ते एवढंच. पण लायब्ररीतून घरी येईस्तोवर बसमध्ये तेच डोक्यात, आणि आता पावणेबारा वाजले तरी डोळ्याला डोळा नाही.

ती विणकामवाली पोरगी. एकोणीस-वीसची असेल. सुईवरची नजर न काढता मला म्हणाली, "तुम्ही त्या वनवासाच्या वर्षांत होतात ना? मग सगळं बघितलं असेल तुम्ही." माझे पिकलेले केस बघून म्हणाली बिचारी. आणि मी मान हलवली.

वनवास हा शब्द लायब्ररीत जमणाऱ्या आमच्या 'डॉक्टर हू'च्या चाहत्यांचा. 'डॉक्टर हू' म्हणजे काळातून फिरणाऱ्या डॉक्टरची ब्रिटिश मालिका, त्यात डॉक्टरचे नट बदलत राहतात. ६ डिसेंबर १९८९ ला तिचा भाग लागला आणि पुढचा बीबीसीने काढलाच नाही. बंद केली म्हणून धड सांगितलंही नाही. मालिका परत आली २६ मार्च २००५ ला. रामापेक्षा सव्वा वर्ष जास्तच भरलं. मध्ये १९९६ ला एक टीव्ही सिनेमा येऊन गेला, वळवाच्या सरीसारखा. धूळ तेवढी बसली.

१९८९ ला मी बीडला, दहावीत. रविवार सकाळ महाभारताची, आणि डॉक्टर म्हणजे इंजेक्शन देणारे. त्या डॉक्टरचा, काळात फिरायचा निळा डबा मी पहिल्यांदा पाहिला तो २००५ च्या मार्चमध्ये, इथे येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा. म्हणजे पाऊस पडून गेल्यावर, पिकं उभी राहिल्यावर आलेला माणूस मी. आयतं खाल्लेला.

मग मान का हलवली?

आमच्या घरात हा प्रकार जुना आहे. मी चौऱ्याहत्तरचा. ताटात भाजी टाकली, चप्पल हरवली, काही केलं की अण्णा म्हणायचे, "तुला काय कळणार, तू दुष्काळानंतरचा." बहात्तरची सुकडी, तांबड्या मिलोच्या भाकरी, रोजगार हमीवर फोडलेली खडी. दादाला निदान पाळण्यात तरी दुष्काळ मिळाला होता. मला तोही नाही. आणि इकडे सातासमुद्रापार येऊन एक छंद धरला, तर तिथेही मी दुष्काळानंतरचाच!

आमच्यातले टोपीवाले आजोबा बोलायला लागले की मला अण्णा आठवतात. तोच सूर. १९९१ पासून 'डॉक्टर हू'च्या नव्या कादंबऱ्या निघू लागल्या, त्यांचा प्रकाशक कधी काही न छापलेल्या नवख्यांची हस्तलिखितंसुद्धा वाचायचा, हे ते असं सांगतात जणू विहीर स्वतः खणली. पण खोटं काय आहे त्यात? १९९६ ला त्यातली एक कादंबरी लिहिणारे रसेल टी. डेव्हिस, त्यांनीच २००५ ला मालिका परत आणली. पॉल कॉर्नेल यांच्या १९९५ च्या कादंबरीवर २००७ ला त्याच मालिकेचे दोन भाग झाले. १९९९ पासून जुन्या डॉक्टरांनाच घेऊन सीडीवर श्राव्य नाटकं निघायला लागली. डेव्हिड टेनंट डॉक्टर व्हायच्या आधी त्यांत किरकोळ भूमिका करून गेलेला. निकोलस ब्रिग्ज तिथे डॉक्टरच्या शत्रूंचा, डॅलेकचा आवाज काढायचा, तोच पुढे टीव्हीवर गेला. दुष्काळात या लोकांनी बियाणं खाल्लं नाही, एवढं खरं.

त्याच्याही आधीचं सांगायचं तर, बीबीसीने साठच्या दशकातल्या टेपा पुसून टाकल्या. नव्वदहून जास्त भागांचं चित्र आजही सापडलेलं नाही. आवाज मात्र एकाही भागाचा हरवला नाही, कारण लोकांनी घरी बसून, टीव्हीपुढे रेकॉर्डर ठेवून तो धरून ठेवला. हे ऐकलं की मला आणखीच कानकोंडं होतं. मी काय धरून ठेवलं? एक मग आहे. त्याचाही कान तुटलाय.

हे लिहिताना आत्या आठवली. दादाच्या लग्नात, पानाला चुना लावता लावता सहज बोलून गेली होती: "तुझा अण्णा कुठला खडी फोडतोय! तो बहात्तरला औरंगाबादेत कॉलेजात. मिलोची भाकरी सुट्टीत दोनदा खाल्ली असेल, त्यावर आयुष्यभर चालवलं." अण्णा शेजारीच होते. त्यांनीही तेव्हा अशीच मान हलवली होती, आता ध्यानात येतंय.

मालिका परत थांबलीच आहे म्हणा. ३१ मे २०२५ नंतर काही नाही. २०२६ च्या नाताळचा एक भाग तेवढा कबूल केलाय. आणि आमची खोली भरायला लागलीय. चालू होती तेव्हा आम्ही पाच-सहा टाळकी, तीही भाग कसा फसला यावर भांडणारी. आज चौदा होतो, खुर्च्या शेजारच्या खोलीतून ओढून आणल्या. पान वाढलेलं असतं तेव्हा माणूस फक्त मीठ कमी म्हणतो. ती पोरगी चौथ्या डॉक्टरचा मफलर विणतेय, संपता संपत नाही तो. एकाने घडीचं मासिक काढलंय, शुद्धलेखनाच्या ढीगभर चुका. मला हे नाटकाच्या तालमीसारखं वाटलं आणि मी चक्क खुश होतो. मग तिने ते विचारलं.

पुढच्या शनिवारी "त्या वर्षांबद्दल" मी दहा मिनिटं बोलायचंय. यादीत नाव लिहूनही टाकलंय तिने.

हिला उठवून सगळं सांगितलं. ही म्हणाली, "अहो, मान कशी हलवलीत ते करून दाखवा आधी."

दाखवली.

"ही 'हो'ची नाहीच मुळी. ही 'बघू'ची आहे," म्हणाली आणि कुशीवर वळली.