होस्ट फॅमिलीला पत्र लिहिताना

सोळाव्या वर्षी एका अनोळखी कुटुंबाला पत्र लिहायचं आणि ‘वर्षभर मला तुमच्या घरी राहू द्या’ असं त्यात सांगायचं, हे मुलाखतीपेक्षा आणि इंग्रजीच्या चाचणीपेक्षाही अवघड काम आहे. मुलाखतीत समोरच्याचा चेहरा तरी दिसतो. इथे पत्र कुणाच्या हाती पडणार, ते लोक शहरात राहतात की शेतावर, घरात मुलं आहेत की नाहीत, काहीच माहीत नसतं. वर्षभर अमेरिकेतल्या शाळेत शिकायच्या विद्यार्थी-देवाणघेवाण कार्यक्रमासाठी माझी निवड झाली तेव्हा आमच्या को-ऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या, “समितीनं तुला घेतलं ते मार्क आणि मुलाखत बघून. घरात कुणी घ्यायचं ते हे पत्र वाचून ठरेल.”

बाबांचा पहिला प्रश्न रास्त होता. कुणी परकी माणसं फुकट का ठेवून घेतील? अमेरिकेत जे-१ व्हिसावर, म्हणजे देवाणघेवाणीसाठीच्या व्हिसावर, शाळेत जाणाऱ्या मुलांना घरी ठेवून घेणाऱ्या होस्ट फॅमिलीला पैसे मिळत नाहीत, हे त्यांना खरंच वाटेना. मग आम्ही दोघांनी बसून माहिती काढली. अशा मुलांना पाठवणाऱ्या संस्थांपैकी एएफएस ही संस्था १९१५ साली फ्रान्समध्ये युद्धातल्या जखमींसाठी रुग्णवाहिका चालवणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांपासून सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून, शाळकरी मुलांची देवाणघेवाण करू लागली. एकमेकांच्या घरात राहिलेली मुलं मोठेपणी एकमेकांशी लढायला सहजी तयार होणार नाहीत, असा त्यामागचा विश्वास. मला हे वाचून फार बरं वाटलं. बाबांना मात्र नियम वाचून बरं वाटलं: घरातल्या १८ वर्षांवरील प्रत्येकाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते, कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन घर बघून येतं, मुलीला स्वतःचा पलंग हवा आणि तो घडीचा किंवा हवा भरायचा चालत नाही, स्थानिक को-ऑर्डिनेटरनं दर महिन्याला मुलीशी आणि कुटुंबाशीही बोलायचं. पलंगाची अट बाबांनी आईला मुद्दाम वाचून दाखवली.

पत्राचे नियम थोडे होते. आडनाव, पत्ता, फोन नंबर, शाळेचं नाव काही लिहायचं नाही, कारण एखाद्या कुटुंबानं तुम्हाला निवडण्याआधी पत्र बऱ्याच जणांपुढे जाऊ शकतं. फोटो घरचे हवेत, स्टुडिओतले नकोत, आणि त्यात तुमच्याबरोबर तुमची माणसं दिसली पाहिजेत. बाकी सगळं तुमच्यावर.

इथेच आमच्या घरात मतभेद झाले. बाबांचं म्हणणं, वक्तृत्व स्पर्धेची बक्षिसं आणि गणिताचे मार्क वरच यायला हवेत. मला ते पटलं नाही. मार्क अर्जाला जोडलेले होतेच. आणि मी स्वतःला त्या कुटुंबाच्या जागी ठेवून विचार केला: उद्या आपल्या घरात कुणी मुलगी वर्षभर राहायला येणार असेल तर आपण काय विचारू? तिला बक्षिसं किती मिळाली ते नाही. ती सकाळी किती वाजता उठते, न्हाणीघरात किती वेळ लावते, चिडली की काय करते, घरात पाहुणे आले तर खोलीत जाऊन बसते की बाहेर येते. मी पत्रात याच प्रश्नांची उत्तरं लिहायचं ठरवलं.

म्हणून मी शाळेतून आल्यानंतरची एक साधी दुपार लिहिली. दप्तर ठेवायचं, वाळत घातलेले कपडे काढून घड्या घालायच्या (हे काम माझ्याकडे आहे आणि मला ते मनापासून आवडतं), मग धाकट्या भावाबरोबर एकाच टेबलावर अभ्यास. टेबल लहान आहे, दिवा एकच आहे, आणि तो कुणाच्या वहीकडे वळवायचा यावरून रोज थोडी कुरबुर होते. तो अभ्यास करताना पुटपुटतो, मला शांतता लागते. शेवटी तो गच्चीवर जातो आणि मी दोन तास आवाज न करता वाचत बसते. हा परिच्छेद मी सगळ्यात जास्त वेळा लिहिला. ‘मला वाचनाची आवड आहे’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही, आणि तो दिवा मात्र दिसतो, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

यापेक्षा मोठा वाद दम्यावरून झाला. मला दमा आहे आणि मांजराच्या केसांची अ‍ॅलर्जी आहे. वैद्यकीय फॉर्मवर हे होतंच, पण मला ते पत्रातही हवं होतं. आई घाबरली. “आजारी मुलगी कोण घेईल? फॉर्ममध्ये आहे ना, पुरे झालं.” मी तिला एवढंच विचारलं, की मांजरं पाळणाऱ्या घराला माझं पत्र आवडलं आणि त्यांनी फॉर्म नीट वाचला नाही तर? त्यांना आपली मांजरं दुसरीकडे ठेवावी लागतील, नाहीतर मला महिन्याभरात घर बदलावं लागेल. दोन्हींत सगळ्यांचे हाल. शेवटी मी तीन वाक्यं लिहिली: इनहेलर माझ्या जवळ असतो, तो मला स्वतःचा स्वतः घेता येतो, मी पळते-पोहते, फक्त मांजरं असलेल्या घरात रात्री झोपू शकत नाही.

आईवडिलांनीही एक पत्र द्यायचं असतं. बऱ्याच घरांत ते मुलंच लिहून टाकतात. कृपा करून तसं करू नका. आईनं मराठीत लिहिलं आणि मी तिच्यासमोर बसून इंग्रजी केलं. तिनं लिहिलं होतं, “ती रागावली की बोलत नाही. तेव्हा कारण विचारू नका, हाताला काहीतरी काम द्या. अर्ध्या तासात आपणहून बोलायला येते.” माझ्याबद्दलचं इतकं नेमकं वाक्य मला स्वतःला लिहिता आलं नसतं. मी त्यात एक शब्दही बदलला नाही.

मग वाट बघणं. बरोबरच्या मुलांना घरं मिळत गेली, माझं नाव येईना. मधल्या काळात मॅडमनी कळवलं की एका कुटुंबाला पत्र फार आवडलं होतं, पण त्यांच्याकडे दोन मांजरं आहेत म्हणून त्यांनी स्वतःच नको म्हटलं. आई दिवसभर गप्प होती. मला वाईट वाटलं, पण पत्रानं आपलं काम केलं होतं.

ज्यांनी मला निवडलं त्यांची पहिली मेल आली तेव्हा त्यात बक्षिसांचा, मार्कांचा काही विषयच नव्हता. होस्ट आई नर्स आहे, आठवड्यातल्या काही रात्री ड्युटीवर असते आणि दुपारी झोपते. तिनं लिहिलं होतं, की दुपारी दोन तास शांत बसून वाचणारी मुलगी आमच्या घरात सहज सामावून जाईल.

व्हिडिओ कॉलच्या आधी मी प्रश्नांची यादी केली. रोटरी क्लबतर्फे असंच परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना पहिल्या रात्री विचारायच्या प्रश्नांची एक यादी देतात. मी रोटरीतर्फे जात नव्हते, तरी तिचा फार उपयोग झाला. तुम्हाला काय म्हणून हाक मारू? मळलेले कपडे कुठे टाकायचे? माझ्याकडे रोजची कामं कोणती? मैत्रिणींना घरी आणायचं तर आधी किती दिवस विचारायचं? असे प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण त्या लोकांना उलट हायसं वाटतं. मी एक प्रश्न स्वतःचा घातला: दुपारी तुमच्या खोलीचं दार बंद असताना काही गरज पडली तर मी काय करू? होस्ट आई म्हणाली, दम लागला तर दार न वाजवता सरळ आत ये, बाकी सगळ्याला थांबता येईल.

आई इतका वेळ माझ्या शेजारी नुसती बसून होती. ते वाक्य मी तिला मराठीत सांगितलं तशी ती पुढे सरकली आणि तिच्या इंग्रजीत स्वतः बोलू लागली: माझा दम कधी वाढतो, आधी खोकला कसा येतो, इनहेलरनंतर किती वेळ वाट बघायची. पलीकडे होस्ट आईनं चष्मा लावला, वही ओढली आणि एकेक मुद्दा लिहून घेतला, मधे मधे उलट प्रश्नही विचारले. बाबा आणि मी बाजूला उभे राहून ऐकत होतो. कॉल संपल्यावर आईनं लगेच मावशीला फोन लावला आणि पहिलं वाक्य सांगितलं, “बाई नर्स आहे गं.” व्हिसाची मुलाखत अजून व्हायची होती, पण त्या संध्याकाळी तिनं माळ्यावरची मोठी बॅग काढायला लावली.