पालखीची वेळ आणि बाळाची झोप

गणपतीला आणि मे महिन्यात कोकणात जाणारे पुष्कळ. तान्हं मूल घेऊन पहिल्यांदा गावी जायचं असेल तर मी मात्र शिमगाच सुचवेन. गणपतीत दुपटी वाळत नाहीत आणि गाडीत पाय ठेवायला जागा नसते. मे महिन्यात आंबे-फणस असतात, पण घामोळ्यांनी पोर किरकिरून हैराण होतं. फाल्गुनात दुपार तापते खरी, तरी पहाटे अंगावर गोधडी लागतेच. शिवाय मुख्य कारण वेगळंच आहे. शिमग्यात आपण देवाकडे जायचं नसतं, देवच घरी येतो. रांग नाही, रेटारेटी नाही. ‘पोरगी दूध पीत असली तर देव पडवीत थांबतो,’ असं सासूबाई फोनवर म्हणाल्या आणि आमचं जायचं ठरलं.

आम्ही डोंबिवलीचे चाकरमानी आणि गाव गुहागर तालुक्यात. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे नवऱ्याने होळीची तारीख बघून मोबाइलवर गजर लावून ठेवला होता. ठाण्याहून सकाळची मांडवी एक्सप्रेस मिळाली. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण मग जागाही मिळत नाही. आमच्या लेकीला दोन्हीची गरज पडली नाही, कारण पनवेल यायच्या आत ती समोरच्या अनोळखी मावशींच्या मांडीवर जाऊन त्यांच्या मंगळसूत्राशी खेळत होती. मांडवीत मोठ्यांच्या खाण्याची चंगळ असते, ऑम्लेट, कटलेट, सूप, काही ना काही डोळ्यांसमोरून जातच असतं. तिच्यासाठी थर्मासमध्ये गुरगुट्या भात घेतला होता, वर साजूक तूप. मेतकूट नाही, कारण वर्षाच्या आत मीठ नको असं डॉक्टरांनी बजावलेलं.

रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते आणि पुढे बोगदे. खेडच्या अलीकडचा नातूवाडीचा बोगदा चार किलोमीटरहून लांब आहे. गाडी आत शिरली, चाकांचा आवाज एकदम अंगावर आला, तशी लेक खेळता खेळता थबकली. आता रडणार, म्हणून मी हात पुढे केले, तर तिने तोंडाचा आ करून गाडीच्या वरताण आरोळी ठोकली. पुढच्या प्रत्येक बोगद्यात तेच. डब्यातली माणसं बोगदा आला की तिच्याकडेच बघायला लागली.

चिपळूणला उतरून रामपूर, मार्गताम्हाने, शृंगारतळी असा रस्ता. पळस आणि पांगारा दोन्ही पेटलेले, काटेसावरीची फुलं रस्त्यावर पडून चिरडलेली. हे सगळं मी बघितलं. लेकीने गाढ झोपून काढलं.

घरात स्वयंपाकघराचा ताबा ओल्या काजूंकडे होता. होळीच्या आसपास गावात दुसरा विषय नसतो. हिरव्या बिया विळीवर उभ्या चिरायच्या आणि काडीने आतला गर अलगद उचलायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण सालातला चीक हाताला लागला की कातडी काळी पडून सोलून निघते. म्हणून आधी हाताला खोबरेल चोपडायचं, मग राख. जाऊबाईंनी मला नुसतं बघत बसायला सांगितलं. ‘तू तिला घेऊन झोपाळ्यावर बस गो. चिकाचा हात पोराला लागला तर रात्रभर रडेल.’ त्यामुळे मी झोपाळ्यावरूनच उसळ शिकले. गर कोमट पाण्यात टाकून त्यांची साल काढायची, ओल्या खोबऱ्याचं वाटण, एक-दोन आमसुलं, चिमूटभर गूळ, आणि मसाला बेताचाच, नाहीतर काजूची चव मरते. दुसऱ्या दिवशी फणसाच्या कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी होती. कोयत्याने सोलून, उकडून, ठेचून, वर मोहरी-मिरचीची फोडणी. मला विचाराल तर पुरणपोळीपेक्षा हीच शिमग्याची खरी पक्वान्नं.

लेकीचं पक्वान्न वेगळं. सासूबाईंनी आमच्या येण्याआधीच नाचणीचं सत्त्व करून ठेवलं होतं. नाचणी भिजत घालायची आणि पाणी रोज बदलायचं, नाहीतर घरात थांबवत नाही असा आंबूस वास सुटतो. मग वाटून पातळ पंच्यातून गाळायची. चोथा गाईला जातो. पांढरं पाणी रात्रभर ठेवलं की तळाशी सत्त्व बसतं. वरचं पाणी ओतून ते उन्हात कापडावर वाळवायचं. वाळलं की त्याच्या भेगाळलेल्या वड्या होतात, बोटाने चुरल्या की टाल्कम पावडरीसारख्या. शिजवताना हात थांबला की गुठळी झालीच. यात गूळ घालायचा की नाही यावरून आमच्यात रोज एक फेरी व्हायची.

‘आमची चारही पोरं गुळावर वाढली.’

‘आई, वर्ष होऊ दे.’

‘मग गुटीत मध तरी?’

‘मध तर अजिबातच नको.’

मधाच्या बाबतीत मी जराही माघार घेतली नाही. वर्षाखालच्या बाळाला मधातून क्वचित का होईना, पण गंभीर विषबाधा होऊ शकते. गूळ-साखरेवर वाद घालता येतो, मधावर नाही. सासूबाईंनी ऐकलं, पण ‘डॉक्टरीणबाई’ हे नाव मला चिकटलं ते चिकटलंच.

होळीचा होम रात्री लागला. धूर आणि बोंबा, दोन्हीपासून लेकीला लांब ठेवायचं म्हणून आम्ही दोघी देवळाच्या पायरीवर बसलो. तिथून ज्वाळा दिसत होत्या आणि नारळ फुटल्याचे आवाज येत होते. ती मजेत होती. तिला घाबरवलं ते संकासुराने, आणि तेही भरदिवसा. काळे कपडे, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांची माळ. खेळे, म्हणजे शिमग्यात सोंगं घेऊन नाचणारी मंडळी, अंगणात आले आणि त्यांच्यातला संकासूर थेट तिच्यासमोर येऊन नाचला. तिने एवढा टाहो फोडला की शेवटी त्याने टोपी वर करून घामेजलेला चेहरा दाखवला. निघाला गावातलाच तरणा पोरगा. चेहरा बघून ती गप्प झाली, पण कमरेची घुंगरं दिसताच ती ओढायला झेपावली. त्याची सुटका करायला आम्हाला दोघांना लागावं लागलं.

आता पालखी. देवळातून पालखी भोवनीला निघाली की वाडीवाडीतून, घराघरातून फिरते, आणि कुठल्या घरी किती वेळ थांबेल हे कुणीच सांगू शकत नाही. कुणाचा नवस असतो, कुणाचं गाऱ्हाणं लांबतं, कुठे चहा होतो. ‘तीनपर्यंत येईल,’ असा निरोप आला. अंगण सारवलं, रांगोळी काढली, ओटीचं ताट तयार. लेकीला नवं झबलं घालून तीनला बसवली, चारला ती झोपली, पाचला उठली, झबल्यावर सत्त्व सांडलं, दुसरं झबलं घातलं. ढोल कधी वरच्या वाडीतून ऐकू यायचा, कधी खालच्या. शहरात अर्धा तास उशीर झाला तर मी कुणालातरी फोन लावला असता. इथे माझे सासरे, अण्णा, पडवीत सुपारी कातरत बसले होते.

पालखी आली ती रात्री, जेवणं उरकून आम्ही आडवे व्हायच्या बेतात असताना. ढोल अंगणात आला तरी लेक झोपलेली. उठवायचं का? सासूबाईंनीच तिला अलगद उचललं. पालखीतली रुपं, म्हणजे देवांचे मुखवटे, मशालीच्या उजेडात चकाकत होती, देवांचे ते मोठे डोळे थेट आपल्याकडे बघतात असं वाटतं. ओटी भरली. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, ‘बा देवा म्हाराजा, ह्या घरात नवी पोर आलीय, तिचं भलं कर...’ आणि सगळं अंगण एका सुरात ओरडलं, ‘व्हय म्हाराजा!’ तिने डोळे उघडले, रुपांकडे टक लावून बघितलं, आणि बोगद्यातली आरोळी ठोकली. मानकरीसुद्धा हसले. मग नवऱ्याने पालखी खांद्यावर घेऊन नाचवली. वर्षभर लोकलमध्ये उभं राहून पाठ दुखते म्हणणारा माणूस तो हाच. मी प्रसाद घ्यायला वळले तेवढ्यात सासूबाईंनी साखरेचा कण लेकीच्या जिभेवर ठेवलेला मी पाहिला. देवासमोर काय बोलणार!

गुहागरच्या किनाऱ्यावर एक संध्याकाळ गेलो. वाळू खायचा तिचा निर्धार सोडला तर सांगण्यासारखं फार नाही. बाबागाडी नेली होती, ती जांभ्याच्या पायऱ्यांवर आणि वाळूत सारखीच निरुपयोगी. पडवीतला झोपाळा आणि एक मऊ जुनी साडी, एवढ्यावर भागलं.

पाडव्याच्या आत परत आलो. शोभायात्रेची प्रथा डोंबिवलीतच सुरू झाली, त्यामुळे त्या सकाळी ढोल-ताशे खिडकीखालीच असतात. गॅलरीत गुढी उभारली. खण, कडुलिंबाची डहाळी, गाठी, वर तांब्या. सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांना गुढी दाखवली, सत्त्वाचा डबा निम्मा संपलेला दाखवला.

‘गाठी चाटवलीस का तिला?’

‘नाही आई. वर्ष होऊ दे.’

‘बरं डॉक्टरीणबाई, गोड नको तर कडू तरी दे.’

कडुलिंबाचं कोवळं पान तिच्या ओठांना लावलं. तिने ते थुंकलं, आणि सासूबाईंच्या नावाने की माझ्या कोण जाणे, जोरदार बोंब मारली.