बेसमेंटची ड्रायवॉल: सँडिंगपासून दुसऱ्या हातापर्यंत

शनिवार, २१ जून

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये ड्रायवॉलच्या (म्हणजे वर कागद चिकटवलेल्या जिप्समच्या शीटच्या) सांध्यांवर टेप, म्हणजे पट्टी, आणि मडचे, म्हणजे सांधे भरायच्या लगद्याचे, तीन कोट झाले होते, आता सँडिंग (कागदाने घासणं), प्रायमर (रंगाआधीचा थर) आणि रंग. नवीन लोकांसाठी परत सांगते, न्यू जर्सीतलं आमचं घर, बेसमेंटमधली १२ बाय १४ ची खोली, छत साडेसात फुटांवर, पोरीच्या पेटीच्या रियाजासाठी करतोय. सगळं काम घरीच, मी आणि बाबा. बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत आणि पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर खाली उतरतात.

एवढी काळजी का घेतेय ते आधी सांगते. तीन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर एक खोली काढली, तेव्हा दुकानात सांगितलं की हा रंग आणि प्रायमर एकातच आहे, नवीन ड्रायवॉलवर डायरेक्ट लावा, दोन कोट बास. लावला. सकाळी एकदम मस्त दिसायचा, पण दुपारी चारला पश्चिमेचं ऊन आडवं पडलं की भिंतीवर चार-चार फुटांवर पट्टे, आणि पट्ट्यांच्या मधे स्क्रूचे गोल ठिपके एका रांगेत. तिसरा कोट मारला तरी पट्टे तिथेच. कारण नंतर कळलं. ड्रायवॉलचा कागद पाणी हळू पितो आणि वाळलेला मड ढसाढसा पितो. मडवर पडलेल्या रंगातलं पाणी आणि चिकटा आत ओढला जातो, त्यामुळे तिथली चकाकी मरते आणि शेजारच्या कागदावर ती टिकते. रंग एकच, शेड एकच, पण उजेड आडवा पडला की दोन्ही वेगळे दिसतात. इकडे याला फ्लॅशिंग म्हणतात. म्हणून यावेळी ठरवलंय की प्रायमरला पूर्ण मान द्यायचा.

आज नुसतं सँडिंग. त्याआधी मड वाळलाय का ते बघायला अख्खा आठवडा गेला, कारण जूनमधलं बेसमेंट म्हणजे दमट, मीटरवर ६८ टक्के. डब्यावर २४ तास लिहिलेलं असतं ते अशा हवेत विसरायचं. डिह्युमिडिफायर लावून ५० पर्यंत आणलं. ओला मड करडा दिसतो, वाळला की पांढराशुभ्र होतो, कोपऱ्यात टेपच्या कडेला करडी रेघ दिसत असेल तर थांबायचं.

सँडिंगच्या आधी फर्नेसचा, म्हणजे घर गरम करणाऱ्या यंत्राचा, फॅन बंद केला आणि रिटर्नच्या जाळीवर, जिथून तो घरातली हवा आत ओढतो, प्लास्टिक चिकटवलं, हे नक्की करा, नाहीतर ती धूळ डक्टमधून अख्ख्या घरात फिरते. खिडकीत बॉक्स फॅन बाहेर तोंड करून. एन९५ दोघांनाही. १५० नंबरच्या घासकागदाने सुरुवात आणि त्याहून बारीक २२० ने शेवट. मडच्या कडेला हात हलका ठेवायचा, जोर लावला तर शेजारचा कागद घासला जातो आणि त्याची लव उभी राहते, मग ती रंगातून दाढीच्या खुंटासारखी लागते.

आमचा त्रासाचा सांधा म्हणजे लांब भिंतीवरचा. ड्रायवॉलच्या लांब कडा कारखान्यातच थोड्या उतरत्या केलेल्या असतात, तिथे टेप-मड त्या खोलगट जागेत बसतो आणि भिंत सपाट राहते. पण आखूड कडा पूर्ण जाडीच्या असतात, दोन आखूड कडा समोरासमोर आल्या की मड वरच चढतो आणि उंचवटा होतो. १२ फुटी शीट आमच्या जिन्याच्या वळणातून खाली उतरेना म्हणून ८ फुटी आणल्या, त्यामुळे १४ फुटांच्या भिंतीवर असा सांधा आलाच. तिथे मड दोन्ही बाजूंना फूट-फूटभर पसरत नेला होता. चार फुटी पट्टी आडवी धरून पाहिलं, मधे टेकते आणि टोकांना बारीक फट, नखाएवढी. चालेल असं वाटतंय, प्रायमर झाल्यावर कळेल.

रविवार, २२ जून

धूळ. आज फक्त धूळ काढली आणि त्याला सकाळपासून दुपार झाली. आधी व्हॅक्यूम, मऊ ब्रशचं तोंड लावून, वरून खाली, कोपरे आणि आउटलेटचे डबे सुद्धा. मग घट्ट पिळलेलं मायक्रोफायबर. घट्ट पिळलेलं म्हणजे खरंच घट्ट, कारण साधा मड वाळल्यावरही पाण्यात विरघळतो, बाबांचं फडकं एका ठिकाणी जरा ओलं होतं तर केलेली कड तिथे पुसटली आणि परत भरावी लागली. शेवटी रंगकामाच्या निळ्या चिकट टेपचा तुकडा भिंतीवर दाबून ओढून बघायचा, चिकट बाजू पांढरी झाली तर अजून धूळ आहे. पहिल्यांदा पिठासारखी पांढरी झाली. तिसऱ्या पुसण्यानंतर टेप स्वच्छ निघाली.

बाबा म्हणाले, "अगं, आमच्याकडं दिवाळीच्या आधी भिंत खराट्यानं झाडली की झालं." त्यांच्या लहानपणी चुनकळी रात्रभर भिजत घालायची, सकाळी फडक्यातून गाळायची, त्यात नीळ आणि थोडा डिंक, आणि कुंच्याने एक हात उभा, एक हात आडवा. ती मातीची भिंत, सगळीकडे सारखं पाणी पिणारी. ड्रायवॉलमध्ये एकाच भिंतीत दोन वेगळ्या तहानेच्या जागा आहेत, सगळी भानगड तिथेच आहे. बाबांना हे लगेच पटलं. पण कोटला "हात" म्हणायचं त्यांनी सोडलं नाही आणि आता मी पण तेच म्हणतेय.

शुक्रवार, २७ जून, रात्री

ऑफिस संपल्यावर प्रायमर. पीव्हीए प्रायमर घेतलाय, खास नव्या ड्रायवॉलसाठीचा. पीव्हीए म्हणजे पॉलीव्हिनाइल ॲसिटेट, आपल्या फेविकॉलच्याच कुळातलं, म्हणून तो कागदात आणि मडमध्ये मुरून दोघांची तोंडं बंद करतो. स्वस्त असतो आणि काम नेमकं तेवढंच करतो. जुन्या रंगवलेल्या भिंतीवर, डागांवर किंवा ओल असलेल्या जागी हा चालत नाही.

हिशोब असा: भिंती ३९० चौरस फूट, दार-खिडकी वजा करून ३६०, छत १६८, मिळून ५२८. डब्यावर गॅलनला ४०० पर्यंत लिहिलेलं असतं पण कोरी ड्रायवॉल जास्त पिते, ३०० धरा. दोन गॅलन आणले, थोडा उरला.

आधी छत, मग भिंती. कोपरे आणि कडा अडीच इंची तिरक्या ब्रशने मी केल्या, मागून बाबा अर्धा इंच लवीचा रोलर घेऊन. ब्रशची कड ओली असतानाच रोलर तिच्यावर चढला पाहिजे, म्हणून एका वेळी पाच-सहा फूटच कड करायची. कोरा कागद पहिला रोलर असा पितो की चर्र आवाज येतो, आणि रोलर कोरडा पडायला लागला की तो आवाज बदलतो, बाबा त्या आवाजावरच परत ट्रेमध्ये बुडवत होते.

शनिवार, २८ जून

मंडळी, आजचा भाग नीट वाचा, मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. प्रायमर लागेपर्यंत भिंत दिसतच नाही. करडा कागद आणि पांढरा मड अशी चित्रविचित्र असते, डोळा रंगातल्या फरकावर अडकतो आणि उंचसखलपणा कळत नाही. प्रायमरनंतर सगळी भिंत एका रंगाची होते आणि मग जे काय आहे ते समोर येतं. त्यामुळे प्रायमर झाला की लगेच रंगाचा डबा उघडायचा नाही. एक दिवस त्या भिंतीला द्यायचा.

सकाळी खोलीत अंधार केला, एलईडी दिवा भिंतीला चिकटवून धरला म्हणजे उजेड भिंतीवरून घसरत जाईल, आणि फूट-फूट पुढे सरकत गेले. बाबा मागे पेन्सिल घेऊन, दोष दिसेल तिथे गोल करत. एकूण ३१ गोल. बहुतेक बारीक: मडमधले बुडबुडे फुटून पडलेली टाचणीएवढी भोकं, मड ओढायच्या पत्र्याच्या कडेची रेघ, दोन स्क्रूंवर खळगा. कागदाची लव तीन ठिकाणी, प्रायमरने ती कडक झाली होती, २२० चा एक हलका हात मारल्यावर गेली. पेन्सिलच वापरा, पेन किंवा मार्कर नको.

मार्करचं कारण इथेच आलं. पोरीने मागच्या महिन्यात कोऱ्या ड्रायवॉलवर स्वतःची उंची लिहून ठेवली होती, जांभळ्या पर्मनंट मार्करने, आडवी रेघ आणि खाली नाव. शुक्रवारी रात्री प्रायमरखाली गेली असं वाटलं, सकाळी बघते तर जांभळी सावली वर आलेली. दुसरा हात मारला, अर्ध्या तासात परत वर. पाण्याच्या प्रायमरमध्ये ती शाई विरघळून वर येत राहते, कितीही थर द्या. त्याला शेलॅकचा प्रायमर लागतो, त्यात पाणी नसतं, स्पिरिट असतं. छोटा डबा आणला, खिडकी उघडी ठेवून तळहाताएवढ्या जागेवर लावला, पाऊण तासात काम झालं, शाई पुन्हा दिसली नाही. बाबा जिन्यावर होते, वास आल्याबरोबर म्हणाले, "हे तर पॉलिशवाल्याचं स्पिरिट." बरोबरच होतं. शेलॅक म्हणजे आपली लाख. त्यांच्या लहानपणी सुतार लाखेचे चपडे स्पिरिटमध्ये भिजवून कपाटाला पॉलिश करायचा तोच वास. लाखेचा किडा भारतातल्या पळस-कुसुमाच्या फांद्यांवर, आणि त्याची लाख इथे जर्सीच्या बेसमेंटमध्ये पोरीच्या नावावर, मला ते फार आवडलं. त्या रेघेची उंची मी आधी वहीत उतरवून घेतलीय.

आणि तो लांब भिंतीवरचा सांधा. आडव्या उजेडात उंचवटा सरळ दिसला, मधे फुगलेला आणि दोन्हीकडे सावली. पट्टीने चालेल वाटलं होतं ते चाललं नाही. भिंतीवरच्या कामाला इकडे शून्य ते पाच अशा पायऱ्या आहेत, चौथी म्हणजे टेप आणि मडचे पूर्ण कोट, ती मॅट रंगाला पुरते. पाचवी म्हणजे सगळ्या भिंतीवर मडचा पातळ पापुद्रा, ती चकाकणाऱ्या रंगाला आणि आडव्या उजेडाच्या भिंतीला. या भिंतीच्या टोकाला खिडकी आहे, उजेड आडवाच पडणार, आणि मला रंग एगशेल, म्हणजे किंचित चकाकीचा, हवाय कारण पोरांचे हात लागणार, पुसता आला पाहिजे. म्हणून या एका भिंतीला पाचवी पायरी द्यायची ठरवलं. मडमध्ये पाणी घालून ताकापेक्षा जरा घट्ट, दह्याच्या घोळासारखा केला, रोलरने लावला आणि १४ इंची पत्र्याने ओढून काढला. ओढताना भिंतीवर राहतो तो थर कागदाएवढा, सांध्याच्या दोन्ही बाजूंना मात्र जास्त राहू दिला.

रविवार, २९ जून

वाळला. २२० चा हलका हात, परत व्हॅक्यूम, परत फडकं, परत टेप. आणि त्या भिंतीवर परत प्रायमर, शिवाय ३१ गोलांपैकी जिथे जिथे मड भरला तिथे प्रत्येक ठिकाणी. हे शेवटचं लोक विसरतात आणि मग त्या ठिपक्यांवर फ्लॅशिंग येतं, सगळी मेहनत करूनही. दिवा लावून पाहिलं. सांधा कुठे आहे हे मला माहीत आहे म्हणून हात बरोबर तिथे जातो, डोळ्याला सापडत नाही.

शनिवार, ५ जुलै

काल चार जुलैची सुट्टी होती, छत उरकलं, पांढरा मॅट, दोन हात, त्यावर सांगण्यासारखं काही नाही.

आज भिंती. रंग मोतिया, किंचित हिरवटाकडे झुकणारा. दोन गॅलन आणले आणि दोन्ही डबे पाच गॅलनच्या बादलीत ओतून एकत्र ढवळले, कारण दोन डब्यांच्या शेडमध्ये केसाएवढा फरक असू शकतो आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो. रोलर तीन अष्टमांश इंच लवीचा. नवीन रोलरवर आधी निळी टेप गुंडाळून ओढून काढली, सुटे धागे निघून येतात.

पहिला हात सकाळी दहाला. रोलर भरून घ्यायचा, दोन-तीन फुटांत पसरवायचा, आणि शेवटी जोर न लावता वरून खाली एकाच दिशेने ओढून सोडायचा, पुढचा पट्टा मागच्या ओल्या कडेवर थोडा चढवायचा. अर्धवट वाळलेल्या जागी परत जायचं नाही, डाग दिसला तरी नाही. बाबांना एका ठिकाणी राहवेना, मी म्हटलं, "बाबा, राहू द्या, दुसऱ्या हातात जाईल." रोलर मधल्या वेळात प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवला. चार तासांनी दुसरा हात, आणि तो डाग खरंच गेला. छताच्या कडेची टेप दुसरा हात ओला असतानाच काढली, रेघ सुरीने कापल्यासारखी आली.

३६० चे दोन हात म्हणजे ७२०, बादलीच्या तळाशी दोन बोटं रंग उरला. तो काचेच्या बरणीत भरून झाकणावर शेडचा नंबर, चकाकी आणि तारीख लिहिलीय.

रात्री जेवणं झाल्यावर सगळे खाली गेलो, मोठा दिवा बंद, एलईडी भिंतीला टेकवला. लांब भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट, पट्टा नाही, ठिपका नाही, चकाकी सगळीकडे सारखी. बाबा तळहात भिंतीच्या अगदी जवळून, न लावता, फिरवत चालत गेले आणि सांध्याच्या पुढे निघून गेले. दाराच्या वर, डाव्या कोपऱ्यात मात्र एक स्क्रू किंचित वर आलेला दिसला, फ्रेमिंगचं, म्हणजे ड्रायवॉलमागच्या सांगाड्याचं, लाकूड वाळताना असं होतं. तो आत्ता छेडणार नाही, एक हिवाळा हीटिंग चालू दे, लाकूड काय हलायचं ते हलू दे, मग स्क्रू आत घेऊन मड, प्रायमर आणि बरणीतला रंग.

रंग पूर्ण कडक व्हायला साधारण महिना लागतो, तोपर्यंत भिंती पुसायच्या नाहीत आणि पेटीचं टेबल चार बोटं लांब. पुढच्या शनिवारी बेसबोर्ड (भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी) आणि कॉक (फटी भरायचा चिकट लगदा). एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेले, बोर्ड आणलेत, त्यांच्या कापलेल्या कडा ड्रायवॉलपेक्षाही जास्त पितात, कोणी आधी दुसरं काही लावून बघितलं असेल तर सांगा, नाहीतर शेलॅकचा अर्धा डबा शिल्लक आहे, तोच लावून बघते.