चाऱ्याचे १० गुंठे: मक्याचे पांढरे पट्टे गेले, लसूणघास अजून अर्धवट

मंडळी, दोन गायी आणि पाच शेळ्यांपुरता चारा घरीच पिकवायचा, या नादाचं हे चौथं वर्ष. जमीन फलटणकडची, काळी, चुनखडीची. दसऱ्याआधी माती तपासून घेतली, सामू (pH, मातीचा आम्ल-विम्लपणा) ८.३, झिंक म्हणजे जस्त ०.४२ पीपीएम (दशलक्षात इतके भाग; ०.६ च्या खाली गेलं की कमी धरतात), लोह ३.१ (ते ४.५ तरी पाहिजे), बोरॉन काठावर, तांबं आणि मँगनीज पुरेसं. स्फुरद (फॉस्फरस) मात्र भरमसाट, कारण तीन वर्षं प्रत्येक पेरणीला डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) टाकत आलोय आणि स्फुरद वाढलं की झिंक असूनही पिकाला नीट मिळत नाही. गेल्या वर्षी मक्याचा पोंगा (मधली कोवळी पानं) पांढरट पडला तेव्हा मी युरिया कमी पडला समजून अजून युरिया दिला होता!

खरंतर पान नीट बघितलं असतं तर कळलं असतं. नत्र कमी असेल तर खालची जुनी पानं टोकाकडून मधल्या शिरेने पिवळी होत जातात. झिंकचं वरच्या नवीन पानावर दिसतं, बुडाकडून शिरेच्या दोन्ही बाजूंना रुंद पांढुरके पट्टे, शीर आणि कडा हिरव्याच. पान उन्हाकडे धरा, लख्ख दिसतं.

यंदा ६ गुंठे आफ्रिकन टॉल (चाऱ्याचा वाण) मका केला. दीड किलो झिंक सल्फेट १५ किलो शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत मुरवलं आणि पेरणीआधी सरीत दिलं. डीएपी बंद, आणि दोन सऱ्या मुद्दाम झिंकशिवाय ठेवल्या. विसाव्या दिवशी त्या दोन सऱ्या लांबूनच ओळखू येत होत्या. कापणीला पाच बाय पाच फुटाचा तुकडा दोन्हीकडचा ताणकाट्यावर तोलला, झिंकवाला १०.४ किलो, बिनझिंकवाला ८.१. एकाच शेतातलं एका हंगामाचं माप आहे, पण मला पटलं.

लोहाचं मातीतून जमलं नाही. गेल्या वर्षी फेरस सल्फेट नुसतं फेकलं, पण चुनखडीत ते लगेच बद्ध होतं, पिकाला मिळत नाही. म्हणून यंदा फवारणी, १० लिटरला ५० ग्रॅम. पहिल्या वेळी विहिरीचं जड पाणी घेतलं तर पंपातच तांबूस गाळ धरला, नोझल तुंबलं. मग पावसाचं साठवलेलं पाणी घेतलं, आधी चिमूटभर लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) टाकलं, तेव्हा कुठे द्रावण फिक्कं हिरवं राहिलं. संध्याकाळीच मारा, उन्हात पानं करपतात.

४ गुंठे लसूणघासात (ल्युसर्न) शेंडे पिवळे आणि वरची पेरं आखूड होती, म्हणून ४०० ग्रॅम बोरॅक्स (बोरॉनचं खत) १० किलो चाळलेल्या मातीत कालवून सगळीकडे सारखं फेकलं. इथे अंदाजपंचे चालत नाही, बोरॉनची कमतरता आणि विषबाधा यात अंतर फार थोडं, त्यामुळे स्वयंपाकघरातला डिजिटल काटाच नेला. दुसऱ्या कापणीला शेंडे सुधारलेत, पण बांधाकडची पट्टी अजून पिवळी आहे.

लसूणघासाला मॉलिब्डेनम (मुळांवरच्या गाठींना हवेतलं नत्र बांधायला लागणारं सूक्ष्म अन्नद्रव्य) टाकायचं का, असं दोघांनी विचारलं. मी चार रोपं मुळासकट काढून गाठी नखाने फोडल्या, आतून छान गुलाबी, म्हणजे नत्र बांधायचं काम चालू आहे. शिवाय आपल्या जास्त सामूच्या जमिनीत मॉलिब्डेनम आपोआपच जास्त उपलब्ध असतं, आणि चाऱ्यात वाढलं तर जनावराला तांबं लागू होत नाही. म्हणून ते नाहीच टाकणार. तिसऱ्या कापणीआधी बांधाकडची माती वेगळी तपासायला देतोय.