लहानपणीच्या कपड्यांची गोधडी : माझा अनुभव (आणि तीन थर एकत्र धरण्याचा मनस्ताप)

गोधडी होऊन महिना झाला, रोज पांघरते, तरी ते तीन थर एकत्र धरायचं काम आठवलं की अजून डोकं तापतं, म्हणून लिहून काढतेय.

आईने जपून ठेवलेले माझे फ्रॉक, शाळेचा स्कर्ट, बाबांचा चौकटीचा शर्ट आणि आमच्या खोलीचा पिवळा पडदा, एवढं सामान. दुपारी झोप यायची नाही तेव्हा त्या पडद्यातून येणारा उजेड भिंतीवर हलताना बघत पडायचे, तो उजेड मला गोधडीत हवा होता. म्हणून मधोमध पडदा आणि कडेला जाता जाता गडद कपडे. 8 इंची 63 चौकोन, 7 आडवे 9 उभे, म्हणजे 56 बाय 72 इंच. कापताना मात्र साडेआठ इंचच कापा, चारी बाजूंनी पाव इंच शिवणीत जातं. कापणं-जोडणं मजेत झालं.

मग वरचा जोडलेला भाग, मध्ये बॅटिंग (ऊब देणारा मऊ भरावाचा थर), खाली अस्तर. जे जे व्हिडिओ बघितले त्यांत हा भाग दहा सेकंदांत संपतो, अंथरा, सारखं करा, शिवा! मीही तसंच केलं, पलंगावर अंथरलं, कडेने आठ-दहा टाचण्या लावल्या आणि एका कडेपासून मशीन मारत सुटले. वरून इतकं छान दिसत होतं की उलटून बघायचं सुचलंच नाही. पाच रांगा झाल्यावर उलटलं तर अस्तराला बोटभर जाडीची चुणी, तीही शिवणीत पक्की बसलेली, बरोब्बर पडद्याच्या खाली. होतं काय की मशीनचे दाते खालचं कापड ओढतात, वरचं कापड मशीनचा फूट (सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग) अडवून धरतो, त्यामुळे तीन थर एका चालीने सरकत नाहीत, आणि अस्तर आधीच सैल असेल तर त्याची घडी पडणारच. हे कुणीतरी आधी नीट सांगायला हवं होतं.

चार संध्याकाळी नुसतं उसवत बसले. त्यात पडदा फाटला. वर्षानुवर्षं ऊन खाऊन विरलेलं ते कापड, सुईचं टोक लागलं आणि टर्रकन गेलं. मला रडूच आलं. दुसरा तुकडा उरला नव्हता, फक्त खालची दुमडलेली पट्टी होती. ती उसवली तर दुमडीच्या आत ऊन न लागलेला मूळचा पिवळा, इतका गडद की मी विसरूनच गेले होते! तोच तिथे लावला.

दुसऱ्यांदा घाई केली नाही. अस्तर चारी बाजूंनी 4 इंच मोठं घेतलं, फरशीवर उलटं पसरून कडा चिकटपट्टीने ताठ बसवल्या (ताणायचं नाही, नाहीतर सोडल्यावर आकसतं), त्यावर बॅटिंग, त्यावर वरचा भाग, आणि दर 4 इंचांवर सेफ्टी पिन. गुडघे गेले कामातून, पण चुणी एक नाही. शिवायला मधूनच सुरुवात करायची आणि कडेकडे जायचं, दर रांगेनंतर उलटून बघायचं. वॉकिंग फूट (नेहमीच्या फूटऐवजी मशीनला लावायचा वेगळा फूट) मिळत असेल तर घ्याच, वरचं कापडही तो सोबत पुढे नेतो.

अरे हो, हे आधी सांगायला हवं होतं, होजिअरीचे टीशर्ट असतील तर कापायच्या आधी मागून इस्त्रीने फ्यूजिंग (उष्णतेने चिकटणारं आधाराचं पातळ कापड) चिकटवा, नाहीतर चौकोन ताणून वाकडा होतो. विरलेल्या कापडालाही तेच, माझा पडदा त्याने वाचला असता. अस्तराचं नवं सुती कापड आधी धुवा, ते आटतं. आणि पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाच्या खुणा पुसल्याशिवाय त्यावर इस्त्री अजिबात फिरवू नका, डाग कायमचा बसू शकतो. बाबांच्या शर्टाच्या खिशावर माझा एक बसलाय.