काचेच्या अलीकडे

रविवार, रात्री

आज दिवसभर पाऊस. कॅमेरा घेऊन बाहेर पडायचा बेत बारगळला, म्हणून दुपारभर अमेरिकन छायाचित्रकार सॉल लायटर यांचे फोटो बघत बसले. सुरुवातीला मी एका बैठकीत दोनशे फोटो सरकवायचे आणि उठताना त्यातला एकही आठवायचा नाही. आता एका फोटोला दहा-पंधरा मिनिटं देते. शेजारी वही असते.

ही सवय लागली ती डोळ्यांतल्या ठिपक्यामुळे. चेहऱ्याच्या फोटोत बहुतेक वेळा बुबुळावर एक चमकता ठिपका असतो. निरखून पाहिलं तर तो उजेडाचाच आकार असतो. खिडकी असेल तर चौकोनी, स्टुडिओतली उजेड पसरवणारी छत्री असेल तर गोलसर. तो बुबुळाच्या कुठल्या अंगाला आहे त्यावरून उजेड कुठून आला तेही कळतं. म्हणजे फोटो कसा काढला ते फोटोतच लिहिलेलं असतं! हे कळलं त्या रात्री मी जुने-नवे किती चेहरे मोठे करकरून पाहिले त्याला गणती नाही.

अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ (लेन्सचं छिद्र किती मोठं, उजेड किती वेळ आत घ्यायचा, आणि कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) हे त्रिकूट महिन्याभरात हाताला बसलं होतं. त्यात काही विशेष नाही, सरावाने कुणालाही जमतं. अडत होतं ते त्याच्या पुढे. फोकस चोख, उजेड बरोबर, आणि तरी फोटोत जीव नाही. त्या दिवसांत मला तारलं ते दुसऱ्यांच्या फोटोंनी.

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा १९३२चा तो फोटो, पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागचा. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतोय, टाच पाण्याला टेकायला केसभर अंतर उरलंय. कित्येक महिने मी फक्त ती टाच पाहत होते. गेल्या आठवड्यात मागच्या भिंतीवरच्या पोस्टरकडे लक्ष गेलं. तिथे एक नर्तिकेची आकृती तशीच झेपावलेली! अंगावर काटा आला. हा फोटो त्यांनी कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून घेतला होता. लेन्स फटीत पुरती मावेना, म्हणून फोटोची कड नंतर कापावी लागली. एरवी ते आपले फोटो कापू देत नसत. एवढ्या अडचणीच्या जागेतून असा फोटो निघतो, हे मला फार धीर देणारं वाटतं.

लायटर यांचं मात्र वेगळंच. ते १९४६ साली न्यूयॉर्कला आले ते चित्रकार व्हायला. पुढची कित्येक दशकं घराच्या आसपासचेच रस्ते टिपत राहिले, तेही रंगीत फिल्मवर. त्या काळात कलेच्या जगात मान होता तो कृष्णधवल फोटोंना. त्यांच्या रंगीत कामाचा खरा बोलबाला झाला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. (भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटोही त्यांच्या पतीच्या नावाने छापले गेले होते. ही माणसं इतकी वर्षं कशाच्या बळावर काढत राहिली असतील, याचा मी खूप विचार करते.)

संध्याकाळी खिडकीशी उभी राहून लायटर यांच्यासारखा फोटो काढून पाहिला. ओघळांची काच आणि पलीकडचं जग. ५० मिमी लेन्स, एफ/८, म्हणजे छिद्र लहान. काचेवरचे थेंबही दिसले, समोरची झाडंही दिसली, आणि दोन्ही एकमेकांच्या पायात येत होती. एफ/२ करून छिद्र मोठं केल्यावर झाडं विरघळली, पण ऑटोफोकस ठरेना. लेन्स थेंबावरून झाडावर आणि झाडावरून थेंबावर घिरट्या घालत राहिली. शेवटी फोकस मॅन्युअलवर घेतला, लेन्सची रिंग एका जागी ठेवली आणि स्वतःच बोटभर मागेपुढे होत थेंब पकडले. तेवीस फोटो काढले. थेंब सुरेख आलेत. पण लायटर यांच्या काचेपलीकडे कुणीतरी असतं, माझ्या काचेपलीकडे नुसती झाडं आहेत.

बुधवार

पाऊस अजून आहेच. संध्याकाळी गॅलरीत कपडे चाचपायला गेले. बाहेर अंधारून आलेलं, आत दिवा लागलेला. काचेच्या दाराआड आई शर्टाला बटण लावत बसली होती. दारावर पावसाचे शिंतोडे. मी तिथेच थबकले. परवा दुपारभर पाहिलेली काच माझ्यासमोर होती, फक्त मी तिच्या दुसऱ्या बाजूला उभी होते.

पाऊल न वाजवता आत जाऊन कॅमेरा आणला. पण काचेवर आभाळाचं पांढुरकं प्रतिबिंब पडलं होतं, आई त्यात बुडून गेलेली. मग दिसलं की एका उभ्या पट्ट्यात काच आरपार दिसतेय. माझ्यामागे वाळत घातलेली काळपट चादर तेवढ्या भागात आभाळ अडवत होती. मी सरकत सरकत आईला त्या पट्ट्यात आणलं. आता फ्रेमचा दोन-तृतीयांश भाग नुसता धूसर राखाडी आणि कडेला अरुंद पिवळा उजेड. एरवी एवढी मोकळी जागा सोडायला मी धजावले नसते, आई मधोमध घेतली असती.

एफ/२.८, १/१२५, आयएसओ १६००. दिव्याखालचा हात पांढराफटक पडू नये म्हणून उजेड एक स्टॉप, म्हणजे निम्म्यावर, कमी केला. फोकस या वेळी थेंबांवर न ठेवता आईच्या बोटांवर. तिने दोरा ओठांनी ओला केला, सुई उजेडाकडे धरली, आणि मी शटर दाबलं. तीनच फोटो मिळाले, चौथ्याला तिने वर पाहिलं.

मघाशी तिला स्क्रीनवर दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"यात मी आहे कुठे?"

मी पट्टा मोठा करून दाखवला. चेहरा अर्धा ओघळाआड गेलेला, अंगठा आणि तर्जनी स्पष्ट, आणि त्यांच्यामध्ये सुईची एक लखलखीत रेघ.

"अगं, दोरा ओवला नव्हता अजून," ती म्हणाली, आणि मोबाइलवर पाठव म्हणाली.