रॉबिन हूड्स बे : आधी ओहोटीची वेळ बघा, मग बसची

आईला यॉर्कशायरचा समुद्र दाखवायचं ठरलं, तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "त्या दिवशी तिथी कोणती?" ती हर्णैची. दर्यावर जायचं तर आधी तिथी बघायची, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. मी कालनिर्णय काढून पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचं आणि त्यापुढच्या एका रात्रीचं आरक्षण केलं. याआधी मी एकदा रॉबिन हूड्स बेला गेले होते ते नेमकी भरतीच्या वेळी. पाणी थेट भिंतीला लागलेलं होतं आणि तासाभरात मी परत फिरले. या वेळी आईमुळे खरं गाव दिसलं.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, स्कारबरो आणि व्हिटबी यांच्यामध्ये, कड्याच्या एका खाचेत हे गाव बसलंय. लीड्स किंवा यॉर्कहून आगगाडीनं स्कारबरो गाठा. तिथून व्हिटबीकडे जाणारी एक्स-93 बस चाळीसएक मिनिटांत गावाच्या डोक्यावर सोडते. पूर्वी इथे रेल्वेही यायची. ती 1885 साली सुरू झाली आणि 1965 साली बंद पडली. तिचे रूळ काढलेत, पण मार्ग चालायला आणि सायकलला खुला आहे. त्याला सिंडर ट्रॅक म्हणतात. स्वतःची गाडी असेल तर ती वरच्या वाहनतळावरच ठेवावी लागते, कारण खालच्या जुन्या गावात पाहुण्यांच्या गाड्या सोडत नाहीत. उतार अतिशय उभा आहे. कडेला पायऱ्या आणि कठडा आहे, आई त्याला धरूनच उतरली. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी सामान एका पाठपिशवीत मावेल एवढंच आणावं. चाकांची बॅग इथे नुसता ताप देते.

खाली उतरलं की घरं एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी दिसतात. वालुकाश्माच्या भिंती आणि लाल कौलं. कौलं बघून आई घरी आल्यासारखी खुलली. यातली बरीचशी घरं 1650 ते 1750 या काळातली आहेत. बोळ इतके अरुंद की समोरून कोणी आलं तर एकानं अंग चोरायचं. अठराव्या शतकात हे गाव चोरट्या व्यापाराचं मोठं ठाणं होतं. जिन, ब्रँडी, तंबाखू, रेशीम आणि चहा. होय, चहासुद्धा! तेव्हा ब्रिटनमध्ये चहावर मूळ किमतीहूनही जास्त कर होता. 1784 साली तो साडेबारा टक्क्यांवर आणला, तेव्हा कुठे चोरट्या चहातली कमाई आटली. रेशमाचा गठ्ठा खालच्या धक्क्यापासून गावाच्या माथ्यापर्यंत एकदाही उघड्यावर न येता घराघरांतून जायचा, असं इथे सांगतात. घरांची दाटी बघितली की ते पटतं. गावाच्या पोटातून किंग्ज बेक नावाचा ओढा बोगद्यातून वाहतो आणि धक्क्यापाशी बाहेर पडतो. तोही याच कामी यायचा. ओहोटीला त्याचं तोंड नीट दिसतं.

रॉबिन हूड इथे कधी आल्याचा पुरावा नाही. नाव मात्र जुनं आहे. सोळाव्या शतकात जॉन लेलँड या प्रवाशानं इथे वीस होड्यांची कोळ्यांची वस्ती असल्याचं नोंदवलंय. स्थानिक लोक नुसतं 'बे' म्हणतात.

हा समुद्र घेतोही भरपूर. 1780 साली कडा खचला आणि गावाचा मूळ रस्ता घरांसकट खाली गेला. आज आपण ज्यावरून उतरतो तो न्यू रोड त्यानंतरचा. समोरची ती उंच काँक्रीटची भिंत 1975 साली पुरी झाली. बारा मीटर उंच आणि दीडशे मीटर लांब. दिसायला ओबडधोबड आहे, पण ती नसती तर आपण उभे आहोत ती जागाही राहिली नसती. कुणी तिला कुरूप म्हटलं की मला वाईट वाटतं.

गावात एक पाटी आहे, ती चुकवू नका. जानेवारी 1881मध्ये बर्फाच्या वादळात 'व्हिजिटर' नावाचं जहाज या उपसागरात बुडालं. खलाशी त्याच्या छोट्या होडीत अडकले. गावाची स्वतःची बचावनौका समुद्रात घालण्याजोगी नव्हती, म्हणून व्हिटबीला तार गेली. समुद्रमार्गे येणं अशक्य होतं. तेव्हा व्हिटबीच्या लोकांनी बचावनौका जमिनीवरून ओढत आणली. सहा मैल, सुमारे दोनशे माणसं, अठरा घोडे, आणि वाटेत माणसाहून उंच साचलेला बर्फ. निघाल्यापासून दोन तासांत नौका पाण्यात होती आणि दुसऱ्या प्रयत्नात सगळे खलाशी वाचले. मी हे आईला वाचून दाखवत होते. ज्या उतारावर ती नुकतीच कठडा धरून उतरली होती, त्याच उतारावरून ती नौका दोरांनी खाली सोडली होती. आई वळून वर बघत राहिली. "दर्या सगळीकडचा एकच गं," एवढंच म्हणाली.

आता ओहोटीबद्दल. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात इथे भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या आसपास असतो, आणि त्या दिवसांत पाणी साधारण सकाळी उशिरा सगळ्यात खाली जातं, म्हणजे फिरायला अगदी सोयीचं. आपल्याकडे उधाण असेल तेव्हा तिथेही उधाण असतं, चंद्र एकच. अष्टमीच्या सुमारास भांग असते तेव्हा पाणी फारसं मागे जात नाही. पण नेमकी वेळ तिथीवरून काढू नका, व्हिटबीचं वेळापत्रक बघा. पाणी सगळ्यात खाली जायच्या दोन तास आधी उतरायचं आणि पाणी फिरलं की मागे फिरायचं. कड्याखाली भरतीत अडकण्याचा धोका खरा आहे. कोणी अडकलेलं दिसलं तर 999 फिरवून कोस्टगार्ड मागा.

पाणी ओसरलं की खडकांच्या लांबच लांब वाकड्या रांगा उघड्या पडतात, नांगरलेल्या शेतासारख्या. हा सुमारे एकोणीस कोटी वर्षांपूर्वीचा, ज्युरासिक काळातला समुद्रतळ. सुट्या गोट्यांत अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या शंखांचे जीवाश्म, सापडतात. अर्ध्या तासात आईनं सुपारीएवढा एक उचलला आणि माझ्यापुढे धरला, "अगं, हा तर शाळिग्राम!" ती चुकली नव्हती. गंडकीतले शाळिग्राम म्हणजेही ज्युरासिक काळातले अमोनाइटच. व्हिटबीच्या लोकांनी मात्र याच दगडांत साप पाहिले. संत हिल्डानं तिथल्या सापांना दगड केलं, अशी कथा आहे, आणि व्हिटबीच्या मानचिन्हावर आजही तीन अमोनाइट आहेत. एकाच आकारात कुणाला विष्णूचं चक्र दिसलं, कुणाला वेटोळं घातलेला साप.

सुटे पडलेले दगड तेवढे बघावेत. कड्यावर हातोडी चालवू नये आणि कड्याच्या पायथ्याशी बसू नये, दगड केव्हाही सुटतात. शेवाळावर साध्या बुटांनी घसरायला होतं, रबरी गमबूट उत्तम.

वाळूवरून दक्षिणेला वीसएक मिनिटांवर बॉगल होल आहे. जुन्या गिरणीच्या जागी तिथे आता यूथ हॉस्टेल आहे. बॉगल म्हणजे या भागातलं खोडकर भूत. पुढे रॅव्हन्सकारला तुरटीच्या जुन्या कारखान्याचे अवशेष आहेत. कड्यातला दगड महिनोन्‌महिने जाळायचा, पाण्यात भिजवायचा आणि तो अर्क समुद्रशेवाळाची राख किंवा माणसाचं मूत्र घालून उकळायचा. ते मूत्र पिंपांत भरून जहाजांतून यायचं. कापडावर रंग पक्का बसायला तुरटी लागायची म्हणून हा सारा खटाटोप. 1862 साली तो थांबला. आईला एवढं चालवलं नाही, मी एकटी वरच्या कड्यावरच्या वाटेनं जाऊन आले. भरतीतही ती वाट खुली असते.

खाण्याचं सांगते. शाकाहारी पदार्थ पबमध्ये मिळतात. पण यॉर्कशायरमध्ये चिप्स बऱ्याच ठिकाणी गोमांसाच्या चरबीत तळतात, तेव्हा ज्यांना चालत नाही त्यांनी आधी स्पष्ट विचारावं. धक्क्यावरच्या बे हॉटेलपाशी दुपारी चिखलानं माखलेली माणसं खिशातून गोटा काढून समुद्रात टाकताना दिसतील. ती पश्चिम किनाऱ्यावरच्या सेंट बीजपासून चालत आलेली असतात. वेनराइट या पायवाटांवर पुस्तकं लिहिणाऱ्या लेखकानं 1973 साली आखून दिलेल्या कोस्ट टू कोस्ट वाटेचा शेवट इथेच होतो, आणि तिकडच्या समुद्राचा गोटा इकडच्या समुद्रात टाकायची रीत आहे.

जमेल तर एक रात्र राहाच. बरीच घरं आता सुट्टीपुरती भाड्यानं दिली जातात, त्यामुळे हिवाळ्यात बोळांतल्या कितीतरी खिडक्या अंधाऱ्या असतात. मला ते खुपतं. पण संध्याकाळी गर्दी चढून गेली की ओढ्याचा आवाज ऐकू येतो. उन्हाळ्यात पूर्वेच्या वाऱ्याबरोबर समुद्रावरून अचानक धुकं चढतं, त्याला इथे फ्रेट म्हणतात. जूनमध्येही स्वेटर हवाच.

पहाटे साडेचारला आईनं मला उठवलं. तिनं आयुष्यभर सूर्य समुद्रात बुडताना पाहिलेला. इथे तो समुद्रातून वर येणार होता. आम्ही शाली गुंडाळून धक्क्यावर बसलो. भरती ओसरायला लागली होती, भिंतीवरची ओली रेघ दिसत होती. "आज ओहोटी कालच्यापेक्षा दोन घटका उशिरा," आई म्हणाली. मी वेळापत्रक बघितलं. पन्नास मिनिटांनी उशिरा होती.